आजी सापडेपर्यंत

रविवार, ११ नोव्हेंबर १९५१
ठाणे

आजही आजी सापडली नाही. सुभेदार मात्र आणखी दोन सापडले!

आमच्या या जुन्या यहुदी कबरस्तानात इतके सुभेदार आहेत की फौजेत साधा शिपाई कुणी होता की नाही अशी शंका येते. सॅमसनकाका प्रत्येक सुभेदारापाशी थांबतात, टोपी सारखी करतात आणि म्हणतात, हे आपले. घुमटीवाली कबर दिसली की ती आपली. नुसता काळा दगड दिसला की तो असेल कुणाचा तरी. बाबांचे हे चुलतभाऊ कोर्टात शिरस्तेदार होते. ताबा कसा सांगायचा ते तिथेच शिकले असणार.

माझी आजी सुभेदारीण नव्हती. शेगुलाबाई हसाजी झिराडकर. प्लेगात गेली, तेव्हा बाबा सहा वर्षांचे. ती इथेच ठाण्यात पुरलेली आहे एवढं बाबांना ठाऊक. कुठे, ते नाही. आणि ती सापडल्याशिवाय बाबा इस्रायलला यायला तयार नाहीत. बाबा आल्याशिवाय मी जाणार नाही. मी गेल्याशिवाय तिकडे पोचलेल्या बिन्यामिनशी लग्न होणार नाही. म्हणजे लग्नाआधीच सासुरवास, आणि तोही माहेरच्या आजीचा!

बाबांचं म्हणणं एकच. "तुझ्या आईचा निरोप घेता येईल. माझ्या आईचा कुठे जाऊन घेऊ?"

आईची कबर नव्या भागात आहे. सिमेंटची, नाव स्वच्छ, दिवाळीच्या आधी पुसून घेतलेली. तिच्यापाशी जाऊन दोन शब्द बोलता येतात. आजीशी तसं बोलायचं तर आधी तिचा दगड सापडायला हवा, म्हणून दर रविवारी बादली, काथ्या आणि खडूची भुकटी घेऊन निघते.

सोमवार, १२ नोव्हेंबर

चौथीतल्या एका मुलीने विचारलं, बाई, घरी चुना काढला का? केसांत खडू राहून गेला होता. हो म्हटलं. गुडघे अजून ठणकतायत.

रविवार, १८ नोव्हेंबर

पद्धत आता हाताला बसली आहे. आधी गवत. मग काथ्याने शेवाळ घासायचं. मग पाणी. ओल्या दगडावर खडूची भुकटी चोळायची आणि वरवरची पुसून घ्यायची. खाचेत जी राहते ती अक्षरं. उन्हं तिरपी असली तर जास्त चांगलं दिसतं. वर हिब्रू, खाली आपली बाळबोध. हिब्रू मला जेमतेम येतं. बाबांना उत्तम येतं, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी आकार सांगते, ते अक्षर सांगतात. दोघांत मिळून एक शिकलेला माणूस तयार होतो!

आज तीन हसाजी निघाले. तिन्ही आमचे नव्हेत. आमच्यात नावं थोडी आणि माणसं फार. आजोबांचं नाव नातवाला, म्हणून दर दोन पिढ्यांनी तोच माणूस पुन्हा मरतो. हसाजी इसाजी, इसाजी हसाजी, पुन्हा हसाजी इसाजी. बायकांचे तर आणखी हाल. अमक्याची बायको म्हणून दगड लागला, आणि अमका पुसला गेला की बाईचा पत्ताच नाही.

सगुणा आहे मदतीला. खाडीकडच्या आगरी वस्तीतली. कबरस्तानातलं गवत कापते, तिथेच शेळ्या चारते. तिला काहीही विचारा, सापडतं. बाबांनी नाव सांगायचा अवकाश, तिने बोट केलं, "हीच तुमची म्हातारी. मी पोर व्हते तवाधरनं हितंच हाय." घासलं तर निघाले कुणी सॉलोमन. सगुणाला त्याचं काही नाही. म्हणाली, मंग ती बाजूची.

मागच्या टोकाची भिंत दोन पावसाळ्यांपूर्वी पडली, ती पडलीच आहे. पलीकडे मुसलमानांचं कबरस्तान. मधे घाणेरीचं रान माजलंय. सगुणाच्या शेळ्या दोन्हीकडे सारख्याच श्रद्धेने चरतात.

संध्याकाळी वंशावळीत भर घातली. शाळेने हिंदुस्थानचा जुना मोठा नकाशा रद्दीत काढला होता. फाळणीनंतर तो भिंतीवर ठेवून काय करणार? मी मागून आणला. त्याच्या कोऱ्या पाठीवर झिराडकरांचं झाड काढतेय. कागद पातळ आहे, मागचा नकाशा पुसट दिसतो. पणजोबा नेमके लाहोरवर आलेत. शेगुलाबाईंची जागा अजून रिकामी चौकट आहे, अरबी समुद्रात.

शुक्रवार, २३ नोव्हेंबर

बिन्यामिनचं पत्र! कल्याणच्या लोको शेडमध्ये फिटर होता, पत्रंही तशीच लिहितो, एकेक नट आवळल्यासारखी. थंडी आहे. पाव काळा आहे. काम रस्त्याचं आहे. आपल्यातले काही जण कंटाळून परत यायचं म्हणतायत, मी म्हणत नाही. तंबूतून लाकडी खोलीत आलो. खोलीला दोन खिडक्या आहेत. दुसरी तुझ्यासाठी ठेवली आहे.

हे शेवटचं वाक्य त्याच्या हातून कसं गेलं कोण जाणे. पुन्हा पुन्हा वाचलं. मी तेहतीस वर्षांची बाई, चौथीच्या वर्गाला दरारा वाटतो माझा, आणि एका खिडकीवरून स्वयंपाकघरात उभी राहून रडत होते.

मला जायचंय. इथे निदान पानाला तरी खरं सांगते. बाबांपुढे मी म्हणते, बघू, घाई नाही. घाई आहे! इस्रायलला पाठवणाऱ्या मुंबईच्या ऑफिसने जानेवारीअखेर नावं पक्की करा म्हणून कळवलंय. नाहीतर पुढची बारी कधी, ते त्यांनाही ठाऊक नाही.

शब्बाथ लागायची वेळ झाली. किसमिस सकाळीच भिजत घातलेत. आमचा किद्दूश, म्हणजे शब्बाथच्या प्याल्यावरची प्रार्थना, त्याच्या शरबतावरच होतो, त्यामुळे मोरारजींच्या राज्यात असो वा कुणाच्या, दारूबंदीची आम्हाला झळ नाही. उद्या लिहायचं नाही. शनिवारचा राग रविवारपर्यंत शिळा होतो, हा त्यातला फायदा.

रविवार, २५ नोव्हेंबर

सॅमसनकाकांशी वाजलं. म्हणजे मी गप्प होते, ते वाजत होते.

झाडावर इसाजी पणजोबांपुढे मी 'तेली' लिहिलं. बाबांनीच सांगितलं होतं. झिराडला घाणा होता, शनिवारी बंद असायचा, म्हणून गावात आम्हाला शनवार तेली म्हणत. सगळ्या कोकणात आम्हा बेने इस्रायलांची तीच ओळख. काकांनी चष्मा चढवला, वाचलं आणि म्हणाले, हे खोड. खोडून काय लिहू? तर म्हणाले, "लष्करात होते असं लिही. घाणा असला तर जोडधंदा असेल."

शेकडो वर्षं आमचे पूर्वज तेल गाळत होते असं म्हणतात. पण ज्याला त्याला विचारावं तर त्याचे पूर्वज सुभेदार. मग तेल गाळलं कुणी?

खोडलं नाही. काकांनी चहा अर्धा टाकला. जाताना शेवटचं बिस्किट मात्र उचललं.

रविवार, २ डिसेंबर

आज काम थोडं झालं. बाबा एका दगडावर बसून बोलत राहिले. इतकं सलग ते कधी बोलत नाहीत.

प्लेगात लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहिले होते. आजीला ताप आला तसं बाबांना कल्याणला मावशीकडे धाडलं. आठवडा गेला असेल. मग त्यांचे वडील न्यायला आले आणि वाटेत काहीच बोलले नाहीत. घरी आल्यावर बाबांनी पाहिलं तर दारातली सब्जाची कुंडी बोडकी. आमच्यात मयतावर सब्जा ठेवतात. सहा वर्षांच्या मुलाला कुणी काही सांगितलं नाही, त्याला ते कुंडीवरून कळलं. पुढे कधीतरी वडिलांनी इथे आणून एक काळा दगड दाखवला होता. वर चाफा होता. चाफा आता कुठेच नाही.

आईचं तोंड आठवत नाही म्हणाले. सब्जा चुरगळला की आठवल्यासारखं होतं, आणि मग जातं.

मी आजीवर चिडत होते त्याची लाज वाटली. खूप वाटली.

मग मला विचारतात, तुझ्या आईच्या वेळी इथे किती माणसं होती गं? मला कुठून माहीत असणार! आमच्यात बायका माती द्यायला येत नाहीत. आईला नेलं तेव्हा मी मागच्या दारी पाणी तापवत होते. कबर खणतात कशी, माणूस त्यात ठेवतात कसा, मी या जन्मात पाहिलेलं नाही. बाबा मात्र कायम पुढे. कुणाच्या घरी कुणी गेलं की पहिलं बोलावणं आमच्याकडे. आंघोळ घालायला बाबा, कफन शिवून घ्यायला बाबा, खणणाऱ्यांच्या डोक्याशी उभं राहून दोरी धरायला बाबा. आमच्या समाजाचे मुकादम गमतीने म्हणायचे, दानियलची दोरी असल्याशिवाय ठाण्यात कुणाला मरता येत नाही.

सगळ्यांना त्यांनी नीट पोचवलं. स्वतःच्या आईच्या वेळी ते कल्याणला होते.

बुधवार, ५ डिसेंबर

शाळेतल्या सुमतीबाई डबा खाताना म्हणाल्या, तुमचं बरं, आजी शोधता तरी येते. आमची नाशिकला गोदावरीत गेली. मी म्हटलं, म्हणून तर तुम्ही कुठेही जायला मोकळ्या!

रविवार, १६ डिसेंबर

एक शेगुलाबाई सापडली! बाबांनी स्वतः बादली उचलून आणली. पुढची ओळ घासली तर शेगुलाबाई शिमशोन रोहेकर, वय वर्षे ऐंशी.

येताना टांग्यात बाबा इतकंच म्हणाले, ऐंशी. बरीच जगली.

रविवार, ३० डिसेंबर

जुना भाग जवळजवळ संपला. उरलं ते मागचं टोक, घाणेरीतल्या दोनतीन रांगा. बाबा म्हणाले, काटे फार आहेत, उन्हाळ्यात वाळले की बघू.

उन्हाळ्यात! जानेवारीअखेर नावं द्यायची आहेत हे त्यांना सांगून झालंय, लिहून दाखवून झालंय, सॅमसनकाकांकरवी ओरडून झालंय. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, चौथीचे पेपर झाले का तपासून?

वाटतं, त्यांना ती सापडायलाच नकोय. शोधत राहिलं की ती अजून कुठेतरी आहे. हे मनात आलं आणि मी एका कबरीवर जरा जोरातच पाणी ओतलं. त्या सुभेदारांची माफी मागते.

रविवार, ६ जानेवारी १९५२

आज आजी सापडली.

असं लिहिलं की खरं वाटतं. मी हट्टाने घाणेरीत शिरले. सगुणाने कोयत्याने वाट करून दिली. आत, पडलेल्या भिंतीच्या अगदी जवळ, बुटका चौथरा आणि त्यावर लांबट काळा दगड. बाकीच्यांच्या मानाने जरा आडवाच. पण त्या कोपऱ्यात सरळ असं काय राहिलंय! सगुणाने खात्री दिलीच, हीच तुमची म्हातारी. घासला. पाणी टाकलं. खडू चोळला, पुसला. काही नाही. एक अक्षर नाही. पोळपाटासारखा गुळगुळीत.

बाबा मागे येऊन उभे राहिले. विचारलं, काय दिसतं?

रोजचं उत्तर 'काही नाही' हे आहे. ते ओठांवर आलंही होतं. पण दुसरी खिडकी डोळ्यांपुढे आली आणि मी म्हटलं, "शे."

बाबा आणखी जवळ आले. मी म्हटलं, पुढचं झिजलंय. शेवटी बाई आहे. खालच्या ओळीत हसाजीचा ह. एकदा सुरुवात झाली की पुढचं अवघड नसतं. मुलींची अपुरी वाक्यं पुरी करून घ्यायची मला रोजची सवय. चाफ्याचं खोड आहे का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कसलंतरी आहे. घाणेरीचं होतं.

बाबा वाकले. दगडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. मग चौथऱ्याच्या कडेने फिरवला, सावकाश. उठले. सूर्य डोंगराकडे उतरला होता. डोळ्यांवर हात धरून त्यांनी त्या बाजूला पाहिलं, मग दगडाकडे पाहिलं, मग पुन्हा तिकडे. यरुशलेमची दिशा बघत असतील, प्रार्थनेला, असं मला वाटलं. फार वेळ तसेच उभे होते.

मग कोटाच्या आतल्या खिशातून त्यांनी सब्जाची काडी काढली. दर रविवारी ते ती घेऊन येत होते आणि दर रविवारी तशीच परत नेत होते. मला पत्ताच नव्हता!

काडी दगडावर ठेवली. तेहिलीमच्या स्तोत्रांच्या ओळी म्हटल्या. रडले. मीही रडले, आणि ते रडणं खोटं नव्हतं.

फाटकाशी येऊन म्हणाले, "चल. झालं तुझं काम." आपलं म्हणायचं असेल.

सोमवार, ७ जानेवारी

वर्गात एका मुलीने गृहपाठ केला नाही आणि वही मांजराने फाडली म्हणून सांगितलं. एरवी तिला बाकावर उभी केली असती. आज म्हटलं, बस खाली. मांजर बिचारं काय करणार.

रविवार, १३ जानेवारी

बाबांनी मलिदा करायला सांगितला. आई सापडली, नवस फेडायला हवा. म्हणजे माझ्या थापेबद्दल एलिया नबीचे आभार मानायला पोहे मीच भिजवले, नारळ मीच खवला, वेलची मीच कुटली. केळी, खजूर, वर गुलाबाच्या पाकळ्या. ताट फार सुंदर दिसत होतं. 'एलियाहू हन्नाबी' म्हणायला लागले तेव्हा माझा आवाज निघेना. प्रार्थना सांगणारे हज्जान म्हणाले, पोरगी भारावली आहे.

सॅमसनकाका दोनदा मलिदा घेऊन म्हणाले, शेगुलाबाई माझीही चुलती, मलाही दाखव. घुमटी आहे का? नाही म्हटल्यावर जरा निवले, पण पुढच्या रविवारी येतो म्हणालेच.

आजचा दिवस असा की बाबा स्वतःहून बोलले. आता नावं द्यायला हरकत नाही म्हणाले! मी नकाशा उलटा करून पसरला आणि अरबी समुद्रातल्या चौकटीत शेगुलाबाई असं लिहिलं. शाई फार वेळ वाळली नाही.

सुख झालं आहे मला. खोटं आहे, पण सुख झालं आहे. बिन्यामिनला लिहिलं, खिडकी पुसून ठेव.

रविवार, २० जानेवारी

आज लिहू नये असं वाटतंय, पण लिहितेच.

बाबांचा गुडघा नेमका आज दुखायला लागला, म्हणून काकांना घेऊन मी एकटी गेले. सब्जाची काडी वाळून दगडावर तशीच होती. काका आले, पाहिलं, टोपीला हात नेला आणि हात तसाच राहिला. मला म्हणाले, हे काय दाखवतेस?

मी म्हटलं, शेगुलाबाई. अक्षरं झिजलीत.

"अक्षरांचं सोड. ही निजलीय कशी बघ. अगं, आपल्या माणसाचं डोकं उगवतीला, पाय मावळतीला. उठेल तेव्हा तोंड यरुशलेमकडे हवं. ही उत्तर-दक्षिण आहे. ही पलीकडची, मुसलमानांची. भिंत पडली म्हणून आपल्यात आल्यासारखी दिसते."

मी वळून पाहिलं. इतके रविवार त्यांच्यात घालवले, एकेकाची अक्षरं नखाने कोरून वाचली. सगळे एकाच दिशेला निजलेले होते. रांगाच्या रांगा. नव्या भागात आईसुद्धा. आणि ते माझ्या कधी लक्षातच आलं नाही. लक्षात यायला एकदा तरी खड्ड्याच्या काठाशी उभं राहावं लागतं.

दगड सरकला असेल, मी म्हटलं. काका म्हणाले, दगड सरकतो, चौथरा कसा सरकेल? मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे बघत राहिले.

"दानियलला कळलं नाही? अर्ध्या ठाण्याच्या कबरींची दिशा त्यानेच दोरी धरून आखलीय. डोळे मिटून नुसत्या हाताने सांगेल तो."

मला चौथऱ्याच्या कडेने फिरणारा तो हात दिसत होता. डोळ्यांवर धरलेला हात, आणि डोंगराकडे उतरलेला सूर्य.

काकांना काय कळलं, किती कळलं, देव जाणे. परत निघताना म्हणाले, ही आपली नाही, पण मी कुणाला सांगायचा नाही. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखाद्या कबरीवरचा हक्क सोडला असेल.

ती कुणाची तरी आजी असेल. तिला आमचा सब्जा मिळाला, तेहिलीम मिळालं, एका म्हाताऱ्याचे अश्रू मिळाले. तिची स्वतःची माणसं कदाचित माझ्या नकाशाच्या दुसऱ्या बाजूला, कराचीत बसून विचार करत असतील की तिच्या कबरीवरचं गवत कोण कापतं. सगुणा कापते. तिला विचारलं तर सांगेलही, हीच तुमची म्हातारी.

मंगळवार, २२ जानेवारी

विचारायचं म्हणून दोनदा बाबांच्या खुर्चीपाशी गेले. एकदा चहा देऊन आले, एकदा वर्तमानपत्र वाचून दाखवून आले.

काय विचारू? बाबा, मी तुम्हाला फसवलं ते तुम्हाला कळलं होतं का? कळलं नसेल तर सांगून त्यांची आई पुन्हा हरवायची. कळलं असेल तर मलिदा का केला? कुणाचे आभार मानले?

आणि खरं कारण पानाला सांगते. विचारलं तर जाणं रद्द होईल, म्हणून विचारत नाही. मला अजूनही जायचंय.

मंगळवार, २९ जानेवारी

बाबा आज मुंबईला जाऊन नावं देऊन आले. मी रजा काढते म्हटलं तर नको म्हणाले. मोतीबिंदू, गुडघा, सगळं घेऊन एकटेच गेले. माझे फोटो आणि शाळेचा दाखला मागून घेतला. जाताना मी म्हटलं, दोघांचीही नावं नीट लिहून घेतली का ते बघा. म्हणाले, ऑफिसातली माणसं लिहितात गं, मी कुठे लिहितोय.

संध्याकाळी आले ते खुशीत. मला विचारलं, तिकडे लोकरीचं काही लागेल ना तुला? उद्या बाजारात जाऊ.

गुरुवार, ३१ जानेवारी

बाजारातून जाड लोकरीचा स्वेटर आणला. बाबांना म्हटलं, तुम्हालाही घेऊ. म्हणाले, मला उकडतं.

रविवार, १० फेब्रुवारी

हेडबाईंना राजीनामा दिला. चौथीच्या मुलींना सांगितलं. त्यांना वाईट वाटलं की सुटका वाटली, चेहऱ्यावरून कळलं नाही. आईच्या कबरीवर जाऊन आलो. बाबा तिच्याशी बोलायला थांबले, मी फाटकाशी उभी राहिले. मागच्या टोकाला जाऊ का विचारलं, तर म्हणाले, तिकडे माझं मी जाईन.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

तिकीट आलं. एक.

बाबा दारातल्या सब्जाला पाणी घालत होते. विचारलं, तुमचं कुठे आहे? मागे न बघता म्हणाले, "आई सापडली की निघायचं, असं ठरलं होतं ना? सापडली का?"

मी तिकिटाची मागची बाजू पाहिली.

मग ते वळले. "तू कधी खोटं बोलत नाहीस, मिलका. त्या दिवशी बोललीस, तेव्हा कळलं मला तुला किती जायचंय."

दोन रांगा राहिल्यात म्हणाले. अक्षरं सॅमसन वाचून देणार आहे. सगुणाला घाणेरी तोडून ठेवायला सांगितलंय, रविवारसाठी.